किल्टचे दोन पदर आणि दोन बोटं

मी एक जुना किल्ट आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. स्कॉटलंडमध्ये पुरुष मंडळी लग्नाकार्याला कमरेभोवती चुण्यांचं लोकरी वस्त्र गुंडाळतात, ते मी. मला घागरा म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांना मी केव्हाच माफ केलं आहे. माझ्यात आठ वार कापड आहे, म्हणजे तुमच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. चुण्या सगळ्या मागे आणि पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर. अंगाने मी गर्द हिरवा, वर निळ्या चौकटी. दिसायला रुबाबदार, पण स्वभावाने पक्का भित्रा. आज हॅम्बर्गमधल्या एका फ्लॅटच्या कपाटात मी सुखाने टांगलेला आहे, तरी दार करकरलं की मी चुण्या आवळून घेतो.

पन्नास वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या उत्तरेला एका लहान गावात एका वयस्कर शिवणकामवाल्या बाईंनी मला हाताने शिवलं. कात्रीचं थंडगार पातं अंगावरून फिरलं, ती माझी पहिली भीती. दुसरी भीती बाईंनी स्वतःच घातली. आर्ची नावाचा तरुण स्वतःच्या लग्नासाठी मला न्यायला आला, तेव्हा माझ्या कोपऱ्याला तलवारीच्या आकाराची चांदीची पिन लावत त्या त्याला म्हणाल्या, "पिन फक्त वरच्या पदराला. लावताना दोन बोटं आत घालायची, म्हणजे खालचा पदर सुटा राहतो. दोन्ही पदर एकत्र टाचलेस, तर बसताना हा फाटेल, आणि मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

ते वाक्य माझ्या धाग्याधाग्यात बसलं. आर्चीच्याही डोक्यात बसलं. जन्मभर त्याने दोन बोटं आत घालूनच पिन लावली.

माझे सोबती प्रसंगाप्रमाणे बदलत. पोटापुढे लोंबणारा बटवा दिवसाढवळ्या साध्या चामड्याचा, तर लग्नाला केसाळ आणि चांदीच्या साखळीचा. मोज्यात खोचायची बोटभर सुरी असे. लोक कौतुकाने मागे वळून बघत आणि मी फुगून जाई. मग एक दिवस आर्चीऐवजी त्याच्या मुलाने, कॅलमने, मला कमरेला गुंडाळलं. बक्कल दोन भोकं आत घ्यावं लागलं. बटवा साधा होता आणि पिन नव्हतीच. तेवढ्यावरून मला कळलं की आपण आर्चीलाच पोचवायला चाललो आहोत.

त्यानंतर आठ वर्षं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. मित्रांनो, अंधारात कसर लागते तेव्हा आवाज होत नाही. माझ्या खालच्या पदराची कड तिने पोखरली आणि मला ओरडता आलं नाही. कॅलम विमानं बांधायच्या कामाला हॅम्बर्गला आला, मीही आलो. एकदा घर बदलताना माझी पिशवी चुकून जुन्या कपड्यांच्या ढिगात गेली. रस्त्यावर जुने कपडे टाकायची लोखंडी पेटी असते, तिचं झाकण धाडकन वाजलं आणि माझ्या शेजारचा कोट आत गेला. पुढचा नंबर माझा होता. तेवढ्यात एका मुलीने पिशवी उघडली आणि विचारलं, "कॅलम, हे काय आहे?" त्याने पाहिलं आणि पिशवी तिच्या हातून ओढून घेतली. "बाबांचा आहे," एवढंच म्हणाला.

ती मुलगी म्हणजे पुण्याची शिवांगी. वर्षभरात तिचं त्याच्याशी लग्न ठरलं.

लग्नासाठी तिचे आईवडील, कुसुमताई आणि यशवंतराव, पुण्याहून आले. कुसुमताईंनी तीस वर्षं फॉल-पिको आणि रफूचं दुकान चालवलेलं. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला तेव्हा मला बरं वाटलं. पण मला नेसून जावई होमापुढे बसणार हे कळल्यावर त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"अहो, पाटावर मांडी घालून बसायचंय त्याला," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "काही दिसलं म्हणजे? शंभर माणूस येणार!"

"अगं, त्याच्या वडिलांची आठवण आहे ती. नाही कसं म्हणायचं?"

"नाही कुठे म्हणतेय मी? मला भीती वाटते, एवढंच."

भित्र्याला भित्रा बरोबर ओळखू येतो. शिवांगी मात्र निर्धास्त होती. "आई, गेनाऊ, अगदी असाच नेसतात. स्टँडेसआम्टला, म्हणजे लग्न नोंदवायच्या कचेरीत, सहीलासुद्धा तो हेच घालून गेला होता. कोणी काही म्हणालं नाही."

"तिथे खुर्ची होती," कुसुमताई म्हणाल्या.

सोबती निवडताना पुन्हा चर्चा झाली. होमापुढे चामडं नको, म्हणून केसाळ बटवा बाद झाला. कुसुमताईंनी रात्रीत नाही, चांगले तीन दिवस खपून जुन्या पैठणीचा बटवा शिवला. मोज्यातल्या सुरीच्या टोकाला लिंबू टोचून तिची नवरदेवाची कट्यार झाली. आणि डबीतून आर्चीची पिन बाहेर आली. कॅलमने दोन बोटं आत घालून ती लावली. इतक्या वर्षांनी ते वजन कोपऱ्यावर आलं आणि मला हुंदका फुटायचा तेवढा राहिला.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला. नवरदेव दाराशी उभा राहिला. कुसुमताई ओवाळायला पुढे आल्या आणि किल्ट सारखा करण्याच्या निमित्ताने खाली वाकल्या. त्यांच्या बांगडीत नेहमी चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. साडीच्या निऱ्या टाचायची जन्माची सवय, त्यात मनात ती भीती. खट, खट, खट, खट. चारही पिना माझ्या दोन्ही पदरांतून आरपार गेल्या. कॅलमला वाटलं, हाही लग्नातला एखादा विधीच असणार. त्याने भक्तिभावाने हात जोडले.

मित्रांनो, मी गारठलो. खालचा पदर कसरीने आधीच जीर्ण झालेला. आता हा मांडी घालणार आणि शंभर माणसांसमोर मी टराटरा फाटणार. आर्चीची शेवटची वस्तू त्याच्या मुलाच्या अंगावरच जाणार आणि मग ती लोखंडी पेटी! हे सगळं मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

अंतरपाट धरला. गुरुजी म्हणजे अनिमेष, एरवी विद्यापीठात डॉक्टरेट करणारा मुलगा, पण मंगलाष्टकं खणखणीत म्हणत होता. दर कडव्याला सगळा हॉल "सावधान" म्हणे, अक्षता पडत, आणि मी एकेक कडवं मोजत होतो. हे संपूच नये असं त्या हॉलमध्ये फक्त मला वाटत होतं.

पण संपलं. अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, टाळ्या वाजल्या.

"आता बसून घ्या," अनिमेष म्हणाला.

कॅलमने गुडघे वाकवले. पदर ताणले गेले. पहिल्या पिनेपाशी दोन धागे तुटले, टच्. मग आणखी तीन.

सनईत आणि गलक्यात तो आवाज कोणाला ऐकू येणार? पण तीस वर्षं ज्या बाईने फाटकं कापड हातात घेतलं होतं, तिला तो आला.

"थांबा! जावईबापू, उठा!"

सनई बंद पडली. कॅलम अर्धवट वाकलेला, तसाच थिजला. भर मांडवात सासूबाई जावयाच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या.

"माझी चूक झाली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "घाबरून मी टाचून ठेवलं होतं."

त्यांनी चारही पिना काढल्या. दर पिनेला आधी दोन बोटं आत घातली, खालचा पदर अलगद सोडवला. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मग कॅलमसाठी पाटाऐवजी चौरंग मागवला, आणि नुकताच दूर केलेला अंतरपाट उचलून त्याच्या मांडीवर पसरला. कमरेपासून घोट्यांपर्यंत सगळं झाकलं गेलं. "शास्त्रात बसतं का रे?" त्यांनी अनिमेषला विचारलं. "आल्झो... म्हणजे, काकू, चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि हॉल हसला. लग्न पार पडलं.

दुसऱ्या दिवशी घरी कुसुमताईंनी मला उजेडात धरलं. चार भोकं आणि बोटभर चीर. कॅलम समोर येऊन बसला तेव्हा त्यांना मान वर करवेना.

"शिवांगी, सांग त्याला. त्याच्या बाबांची वस्तू मी फाडली."

सांगायची गरज पडली नाही, तेवढी मराठी त्याला कळत होती. त्याने मला उलटं केलं आणि आतल्या एका चुणीत, जिथे सहसा कोणी बघत नाही, एक ओबडधोबड ठिगळ दाखवलं. "आई, हे बाबांनी जाळलं. सिगारेट. मग घाबरून स्वतः शिवलं, कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं."

कुसुमताईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. लोकरीला पाणी चालत नाही म्हणतात, मला चाललं. मग त्यांनी माझ्याच आतल्या दुमडीतून धागे उपसले आणि चार दिवस बसून रफू केलं. आज ती जागा शोधून सापडत नाही. आर्चीच्या ठिगळाला त्यांनी हात लावला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, पिशवीत कोंडून विसरू नका. आणि जे जपायचं आहे ते भीतीपोटी टाचून ठेवू नका. आत दोन बोटांची जागा ठेवा.

कुसुमताई पुण्याला परत गेल्या. परवा एका लग्नासाठी कॅलमने मला बाहेर काढलं. पिनेचं टोक जवळ आलं आणि मी सवयीने घाबरलो. तेवढ्यात फोनवरून आवाज आला, "जावईबापू, बोटं घातलीत ना आत?"

"घातली, आई," तो म्हणाला. आणि मी श्वास सोडला.