पिवळीसाठी एक दगड

मित्रांनो, मी एक जुना फिशटँक आहे. जुना म्हणा, चालेल. म्हातारा म्हणालात तर मात्र मला राग येतो. एका काचवाल्याने मला जोडले ते दातांच्या दवाखान्यासाठी. तिथे घाबरलेली मुले माझ्या काचेला नाक लावायची आणि दुखरी दाढ विसरायची. तेव्हा माझे केवढे कौतुक होते. पुढे डॉक्टरांना कंटाळा आला, माझ्यावर शेवाळ चढले आणि मला तळघरात ढकलून दिले. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. शेवटी उत्तरेच्या थंड समुद्रावरच्या एस्बियर्ग बंदरातल्या या वृद्धाश्रमाने मला मागून आणले, घासूनपुसून जेवणघरात ठेवले. त्या दिवशी माझा ऊर भरून आला, खोटे कशाला सांगू?

माझ्यात आफ्रिकेतल्या तळ्यातले मासे राहतात. दिसायला देखणे, पण स्वभावाने एकेक नग. त्यांचा म्होरक्या निळा. इथली मंडळी त्याला नगराध्यक्ष म्हणतात. मधल्या मोठ्या दगडाखालची गुहा त्याची. बाकीच्यांनीही एकेक दगड बळकावलेला. दुसऱ्याच्या हद्दीत नुसती शेपूट गेली तरी चावा ठरलेला.

आणि एके दिवशी थॉर्किलआजोबा आले. सारा जन्म समुद्रावर मासेमारीत गेलेला, बायको वारलेली, एकट्याने राहवेना म्हणून आश्रमात आलेले. त्यांच्या हातात बादली होती आणि बादलीत एक पिवळी मासोळी.

समोरच्या खुर्चीतून रिग्मोरआजींनी टोमणा मारलाच. त्या पूर्वी पोस्टात साहेब होत्या आणि तो रुबाब अजून उतरलेला नाही. "थॉर्किल, आयुष्यभर मासे मारलेस आणि आता एकीला पोसतोस होय?"

"मारले ते पोटासाठी," आजोबा म्हणाले. "ही बोलायला लागते मला. आणि ही मध्येमध्ये तोंड घालत नाही."

मासोळी त्यांच्या बायकोची होती. घर गेले, होडी गेली, मागे एवढीच उरली होती. खोलीत वेगळी टाकी ठेवायला परवानगी नव्हती, म्हणजे तिला माझ्यातच राहणे भाग होते. माझे रहिवासी मला ठाऊक होते.

आश्रमात काम करणाऱ्या मेटेने उपाय सांगितला. "आधी सगळे दगड इकडचे तिकडे करू. कुणाची हद्द कुठे ते कुणालाच कळणार नाही. सगळेच नवे झाले की नव्याला मारायला सवड कुणाला?"

पण इथे पडद्याचा रंगसुद्धा रहिवाशांच्या बैठकीत हात वर करून ठरतो. बैठक भरली. कॉफी आली, केक आला, रीतीप्रमाणे आधी सर्वांनी मिळून गाणे म्हटले. मग रिग्मोरआजी बोलल्या. "माझ्या खुर्चीतून मला गुहा दिसते. ती हलवायची नाही. नवीन येणाऱ्यानं आपलं आपण जुळवून घ्यावं." सगळे हात वर गेले. आजोबा पहिल्याच बैठकीला आलेले, त्यांना अजून मत देण्याचा हक्क नव्हता. त्यांनी केक तसाच ठेवला. कुणाच्या मनात वाईट नव्हते, मित्रांनो. कुणी विचारच केला नव्हता.

बादलीत तिला किती दिवस ठेवणार? मेटेने माझा दिवा मालवला, सगळ्यांना पोटभर खाऊ घातले आणि पिवळीला हलकेच सोडले. क्षणभर काहीच झाले नाही. ती वाळूवर थरथरत थांबली.

मग नगराध्यक्ष गुहेतून बाहेर आला.

पहिल्याच धडकेत तिचा पर फाटला. ती ज्या दगडाकडे पळे, तिथला मालक तिला हुसकावी. शेवटी ती वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे अंग चोरून बसली. तिथेही दोघे टपून राहिले. मारणारे माझ्याच पोटात आणि मार खाणारीही माझ्याच पोटात. माझा जीव नुसता तुटत होता.

जेवणाची वेळ होती. आजोबा धावत आले आणि बाही न सारताच त्यांनी पाण्यात हात घातला. पण गार पाण्यात जाळी ओढून ओढून आखडलेली ती बोटे दगडावर मिटेनात. दगड निसटला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

"ठराव झालाय पण," कुणीतरी पुटपुटले. बाकीच्यांनी माना ताटात घातल्या.

"ती मरतेय," आजोबा म्हणाले. "मला उचलता येत नाहीये."

तेव्हा रिग्मोरआजी उठल्या. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले, रेशमी ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत सारली. "सरक बाजूला," म्हणाल्या आणि थेट गुहेचाच दगड उपटला. नगराध्यक्षाने त्यांच्या बोटाचा चावा घेतला. "चावतोस कुणाला, मेल्या?" म्हणत त्यांनी एकूण एक दगड हलवला. पाणी गढूळ झाले, जमिनीवर तळे साचले. गढूळ पाण्यात मला स्वतःलाच काही दिसेना.

पाणी निवळले तेव्हा नगराध्यक्ष आपली गुहा शोधत येड्यासारखा फिरत होता. बाकीचे नव्या कोपऱ्यांसाठी आपसांत भांडत होते. पिवळी एका फटीत शिरली होती. तिच्याकडे कुणी बघितलेही नाही. पण ती हलतही नव्हती. आजोबा जेवले नाहीत, माझ्यासमोरच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ती बाहेर आली आणि तिने खाण्याचा एक कण उचलला. आजोबा रडले. मग नाक शिंकरून, सर्दी झालीय, असे सर्वांना सांगत सुटले.

पुढच्या बैठकीत एकाने मुद्दा काढलाच. दगड जागेवर ठेवायचे ठरले होते, ठराव मोडला, तर ते परत लावावेत. रिग्मोरआजींच्या खुर्चीतून आता फक्त फिल्टरची नळी दिसत होती. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"दगड राहू देत," त्या म्हणाल्या. "माझी खुर्ची हलवा."

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी नवे येईल. त्याला नुसते जुळवून घे म्हणू नका. आधी आपला एखादा दगड हलवा. बाही भिजेल, एखादा चावाही बसेल. पण तो कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेला असेल, आणि त्याला तुमच्या बैठकीत मत नसेल.