केशरची टाकी

केशर, म्हणजे माझा क्लाउनफिश, सकाळपासून धापा टाकत होता. त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके मी औषध देऊन घालवले होते, तेही एकटीने! वर्गभर सांगूनही झालं होतं.

"डॉक्टरीणबाई, टाकीतलं कमी झालेलं पाणी कशाने भरता?" आईने विचारलं.

"मिठाच्या पाण्याने. समुद्रातला मासा आहे, मतलब..."

"वल्लू, आमटी आटली की खारट होते ना? जयपूरच्या या उन्हात पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. आणि तू रोज वरून आणखी घालतेस?"

खारटपणा मोजायच्या मीटरचा काटा पार टोकाला गेला होता. एकदम साधं पाणी ओतलं, तर केशर धक्क्यानेच मरेल. म्हणून तासाला एकच पेला, असं ठरवून मी पहिला ओतला.

केशर तळाशी आडवा झाला. दुसऱ्या पेल्याला अजून पंचावन्न मिनिटं होती.