धुतलेल्या आठ गोगलगायी

गोगलगाय बघितली की मला मळमळतं. हे मी मुलाखतीत बोललो नाही, कारण मुलाखत प्राणिशास्त्र संस्थेतल्या भुंग्यांच्या विभागासाठी होती. घेतलं मात्र गोगलगायींच्या विभागात. भुंगा कोरडा असतो, टाचणीला लावला की गप्प बसतो. गोगलगाय म्हणजे सर्दी झालेलं नाक, पाठीवर घर घेऊन फिरणारं.

त्यात ही नवी जात. लांबी दोन मिलिमीटर, पत्ता जंगलातली चुनखडीची गुहा, वर्णन अजून कुणीच न केलेलं. "वर्णन छापून आलं तर तू कायम," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. "नाहीतर महिनाअखेरीला निरोप." तीस वर्षं गोगलगायींत काढल्यामुळे त्या धमकीसुद्धा सावकाश देतात.

कुपीत आठ शंख होते. आठही शंखांवर तपकिरी, चिकट खपल्या. मला बघवेना. दोन-तीन केसांचा कुंचला आणि कोमट पाणी घेऊन मी अक्षरशः हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. संध्याकाळी आठही शंख नव्या बटणांसारखे लखलखत होते. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"यांच्या पाठीवरचं काय केलंस?"

"धुतलं."

"काय धुतलंस?"

"घाण."

"घाण नव्हती ती, नाजूकराव. त्यांची स्वतःची विष्ठा होती. ओळीने चिकटवलेली."

मी विचार केला. "म्हणजे घाणच ना?"

"म्हणजे ओळख! शेजारच्या डोंगरातली जात हुबेहूब अशीच आहे, फक्त तिचा शंख कोरा असतो. तू आठ नव्या गोगलगायी धुऊन जुन्या केल्यास. आधी फोटो तरी काढलेस?"

"पारोशाचा फोटो कोण काढतं, मॅडम?"

मॅडमनी चष्मा पुसला. "तळघरात त्या गुहेतल्या मातीचं एक पोतं आहे. शोध."

"नुसती माती?"

"अर्धी माती."

"आणि अर्धी?"

"वटवाघळांची."

वटवाघळांची काय, हे मी विचारलं नाही. पोत्याचं तोंड सोडलं तसं ते नाकानेच सांगितलं. दोन दिवस मी ते ओलसर, डोळे झोंबवणारं प्रकरण चमच्या-चमच्याने चाळत होतो. घरी गेलो की आई दारातच अडवायची. "सरळ मोरीत जा. कशाला हात लावू नकोस. आणि खोलीतला तो उकिरडा कधी आवरणार आहेस? आणि ऑफिसात म्हणे नाजूकराव!"

मला पसारा चालतो. चिकट चालत नाही. हे आईला कधीच पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक सापडली. जिवंत. पाठीवर दीड ओळ. मॅडम म्हणाल्या, "छान. आता ती हे स्वतःच करते, हे बघून लिहून काढ."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोगलगायीचं गुदद्वार शंखाच्या तोंडाशी, जवळजवळ मानेवरच असतं. निसर्गाने घर दिलं, पण संडासाला वेगळं दार दिलं नाही. चार तास मी सूक्ष्मदर्शकातून त्या दाराकडे बघत होतो. डबा शेजारी न उघडता पडला होता. अखेर एक गोळी आली. तिने मान वळवली, गोळी तोंडाने उचलली (तोंडाने!), लाळेत घोळवली आणि ओळीच्या टोकाला चिकटवली. मग भिंतीवर तसबीर लावून माणूस मागे सरतो, तशी ती जरा मागे सरली.

मी बेसिनपर्यंत पोचलो, हे नशीब.

कच्चा मजकूर मॅडमनी वाचला. "सगळं ठीक आहे. फक्त 'शी' हा शब्द शास्त्रीय वर्णनात चालत नाही. सात ठिकाणी आहे."

सातही काढले. वर्णन छापून आलं, मी कायम झालो. गोगलगायींच्याच विभागात, निवृत्तीपर्यंत. वर मॅडमनी बक्षीस म्हणून त्या जातीला माझं आडनाव दिलं.

आईने सगळ्या मावश्यांना फोन करून झाल्यावर विचारलं, "पण ती गोगलगाय करते तरी काय रे?"

तिचा तो फुललेला चेहरा बघून खरं सांगवेना. "स्वतःचं घर सजवते."

"एकटी?"

"एकटी. एकदम ओळीत."

आईने माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मग तुझं आडनाव कशाला दिलं तिला?"