दोन टिंबं

“आधी कानाने बघ, मग डोळ्याने. आणि नळ्या बोलल्या नाहीत, तर गोड बोलणाऱ्याचं मुळीच ऐकू नकोस.”

आबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी दुनळी बंदूक टेबलावर आली की त्यांचा हा आवाज कानाशी यायचाच. बंदुका दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आता त्यांची लेकच चालवत होती. सगळी गल्ली तिला बंदूकताई म्हणायची. बोलणं मात्र इतकं हळू, की गिऱ्हाइकाला टेबलावर वाकून ऐकावं लागे.

आज वाकून उभा होता तो तिचा सख्खा मामा. चादरीत गुंडाळून त्याने एक जुनी दुनळी आणली होती. फळबागेवर रखवालदाराची जागा मिळत होती. अट एकच, बंदूक स्वतःची हवी. परवाना खिशात होता. घरात दिवसभर सुनेच्या पायात पायात करायचा त्याला वीट आला होता.

“जुन्या बंदुका विकतो त्या शेठने संध्याकाळपर्यंत बघायला दिलीय. दस्ता जरा तडकलाय, डावा चाप अडकतो. बाकी झकास! तेवढं केलंस की घेऊनच टाकतो.”

“अजून चादर सुटली नाही मामा, आणि तुम्ही बागेत पोचलातसुद्धा.”

तिने बंदूक उघडून नळ्या वेगळ्या केल्या, खिडकीपाशी दोरीने टांगल्या आणि लाकडी हातोडीने हलकेच टोला दिला. निकोप नळ्या घंटेसारख्या घुमतात. या नुसत्या ‘ठक्’ म्हणाल्या.

“गारठल्या असतील,” मामा घाईने म्हणाला.

“लोखंडाला पडसं होत नाही.”

दोन नळ्यांना सांधणारी पट्टी सुटली होती. ती डाग देऊन जोडता आली असती. मग तिने नळ्या उजेडाकडे धरल्या. आतून आरशासारख्या चकचकीत. पण डाव्या नळीत मधोमध सावलीचं एक काळं कडं होतं. तिने बाहेरून तिथे बोट फिरवलं, दोन्ही नळ्यांची जाडी मोजली, पुन्हा मोजली. मग खटक्यांतल्या, काडतुसावर आदळणाऱ्या पिना काढून डबीत ठेवल्या.

“दस्ता नवा बसेल. चाप तासाभरात सुटेल. पण ही नळी फुगली होती मामा. कुणीतरी ठोकून सपाट केलीय, आणि गंज लपवायला दोन्ही आतून घासघासून कागद करून ठेवल्यात. पहिल्या काडतुसाला फुटेल. आणि तुमचा डावा हात बरोबर तिथेच असणार.”

मामाचा चेहरा पडला. “अगं, पण हिच्यावर आबांचीच खूण आहे! शेठने मुद्दाम दाखवली. दोन टिंबं. दोन नळ्या, दोन्ही पास!”

तिने नळ्या उलट्या केल्या. खालच्या अंगाला, आबांच्या हातची, शेजारी शेजारी दोन टिंबं.

तिची कानशिलं तापली. आबा चांगल्या बंदुकीवर खूण करतच नसत. “चांगलीला शिक्का कशाला?” म्हणायचे. एक टिंब म्हणजे एक नळी मेली, दोन म्हणजे दोन्ही. पिना काढून बंदूक मालकाला परत द्यायचे आणि सांगायचे, भिंतीवर टांगा. शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून म्हणाले होते, “दोन टिंबांची कुणाच्या हातात आहे असं कळलं, तर त्या माणसापर्यंत जा. गिऱ्हाईक आपलं नसलं तरी.” ती हो म्हणाली होती.

आणि डबीतल्या पिना कोऱ्या करकरीत होत्या. आबांनी काढलेल्यांच्या जागी कुणीतरी नव्या बसवल्या होत्या.

शेठचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. चादर मामाच्या खांद्यावर, बंदूक तिच्या हातात.

“शेठ, ही खूण मेलेल्या बंदुकीची आहे.”

शेठ हसला. “बंदूकताई, वडील तुमचे गेले. आता टिंबांचे अर्थ लावत बसायचे का? मी पास म्हणतो, घेणारा पास समजतो. आजवर एकाची तक्रार नाही!”

“मग मागच्या अंगणात चला. मी पिना बसवून, काडतूस भरून देते. उडवा तुम्ही.”

शेठचं हसू जागच्या जागी थिजलं. “मी कशाला? मी आपला व्यापारी माणूस.”

“म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला!” आवाज तसाच हळू होता, पण बंदूक उलटी करून तिने टिंबं त्याच्या डोळ्यांपुढे धरली. “माझ्या बापाने ‘उडवू नका’ असं लिहून ठेवलं. तुम्ही त्याच अक्षरावर बोट ठेवून लोकांना ‘उडवा’ असं वाचून दाखवलंत. लाज नाही वाटली?”

“उगाच कीर्तन नको. असलीच दोन टिंबांची मागच्या आठवड्यात लाकडाच्या वखारीवर गेली. तिथला पहारेकरी खूश आहे!”

मग मामाने तिच्या हातातून बंदूक घेतली आणि गल्ल्यावर आडवी ठेवली. “घ्या शेठ. टांगा तुमच्याच भिंतीवर.”

“आणि पिना?”

“माझ्याकडे आहेत,” ती म्हणाली. “ठाण्यात येऊन मागा. तिथे मी तुमच्या आधी पोचलेली असेन.”

बाहेर येऊन मामा पायरीवर बसला. “गेली माझी बाग,” एवढंच म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोटी समजूत घालणं तिला जमत नसे.

दुकानात परतून तिने लाकडी हातोडी आणि दोरी पिशवीत टाकली, दाराला कुलूप लावलं.

“आधी वखार, मग ठाणं. तुम्ही घरी जा मामा. दमलात.”

“दमलोय खरा. पण वखार कुठे आहे, ठाऊक आहे का तुला?”

तिने नकारार्थी मान हलवली. मामाने चादर झटकून नीट घडी केली, काखेत मारली आणि वखारीच्या दिशेने चालू लागला. ती त्याच्या मागोमाग निघाली.