निर्दोष केशवराव

पोळ्याच्या दिवशी दुपारी जागेश्वर गुरुजी तोरणाखाली बैलांच्या रांगा लावायला गेले आणि इकडे तेजराम मारबतीच्या मंडळाची चार माणसं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. हातात पांढरा पुठ्ठा, शाईची बाटली.

"वैनी, बडग्याच्या गळ्यात पाटी लावाची हाय. तुमचं अक्षर मोत्यावानी. दोनच शब्द लिवून द्या."

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पीडा घालवायला मारबतीची मिरवणूक काढायचं. गवताचा, फाटक्या कपड्यांचा बडग्या करायचा, गावाला जे छळत असेल ते त्याच्या गळ्यात लिहायचं आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेवर नेऊन जाळायचं. गेल्या साली धानावरचा करपा होता, त्याआधी रॉकेलची टंचाई.

"यंदा काय लिहायचं?" गुरुजींच्या बायकोने, सत्यवतीने विचारलं.

"सिमेंटचोर केशवराव."

 केशवराव म्हणजे गावचे सरपंच. शाळेच्या छतासाठी परमिटवर वीस पोती सिमेंट आलं होतं. ठेवायला जागा नाही म्हणून ते सरपंचाच्या घरी उतरलं, आणि छत काही झालं नाही. मग साहेब आले, चौकशी झाली, जेवण झालं, आणि 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असा कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला. गावाने आपला निकाल त्याच्या आधीच लावून टाकला होता.

पण सत्यवतीला चार वर्षांची मंदा होती, गावाला नव्हती. मंदाला ताप चढला की झटके यायचे. दोनदा आले, दोन्ही वेळा गुरुजींनी सायकल अशी दामटली की वीस मिनिटांत लाखनीचा डॉक्टर गाठला. केशवरावांची वर उठबस होती. त्यांनी एक शब्द टाकला की गुरुजींची बदली थेट जंगलात, जिथे डॉक्टर सोडा, एस.टी. सुद्धा आठवड्याला विचार करून येते. आणि अख्ख्या गावाचे अर्ज सत्यवतीच्या हातचे! तिचं अक्षर केशवराव झोपेतही ओळखतील.

नाही म्हणावं तर उद्या विहिरीवर बोलणं निघणार, गुरुजी बी मिळून हाय.

"भाऊ, असं कसं लिहिता येईल?" ती म्हणाली. "गुन्हा शाबीत झाला का? शाबीत झाल्याशिवाय कुणाला चोर म्हणता येत नाही. कायदा आहे तसा."

"पुढाऱ्याले चोर म्हनाले शाबीत कायले लागते?" तेजराम म्हणाला. "मच्छराले मच्छर म्हनाले आपन पंचनामा करतो का?"

बाकीचे हसले. सत्यवती हसली नाही. बी.ए.ला तिचं राज्यशास्त्र होतं आणि हे तत्त्व तिला पाठ होतं, हे खरं. मात्र परवाच रेडिओवर कुठल्याशा मंत्र्याचं भाषण लागलं तेव्हा 'मेले सगळे चोर' म्हणून तिनेच खटका बंद केला होता. पण तो मंत्री मुंबईत होता. केशवराव चार घरं सोडून राहत होते.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. पुठ्ठा मांडीवर घेऊन, जीभ दातात धरून, तिने अगदी कागदाला धरून लिहिलं: 'सिमेंट प्रकरणी चौकशी होऊन निर्दोष ठरलेले सरपंच श्री. केशवराव'. 'श्री.' सुद्धा विसरली नाही. आता कुणी बोट ठेवून दाखवावं!

तेजरामने ओठ हलवत ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि पोट धरून खालीच बसला.

"वैनी, तुमी तं लयच पोचलेल्या!"

त्याला काय झालं ते तिला कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! निर्दोष केशवराव घेऊन जा गे मारबत!"

अख्खा रस्ता दुमदुमत होता. बाया तोंडाला पदर लावून भिंतींना टेकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला. कुणाची वांगी तोडताना कुणी सापडला की तो हात वर करून म्हणायचा, "म्या निर्दोष हावो!"

चौथ्या दिवशी गुरुजी शाळेत असताना केशवराव एकटेच आले. सत्यवतीने मंदाला कडेवर घट्ट धरलं.

"बसा काकाजी. चहा टाकते."

"चा राहू दे, सूनबाई." ते ओट्यावर टेकले. "वीस साल झाले, राजकारन करून राहिलो. पयल्या निवडनुकीपासून लोकं मले चोर म्हनतेत. चोराले कोनी हासत नाही. रामराम घालतेत. तुवं निर्दोष लिवलं, अना काल सभेत उभा झालो तं मांगून एकजन म्हनते, 'बोला, निर्दोष!' अर्धी सभा लोळली."

"मी... कागदात होतं तेच लिहिलं, काकाजी."

"तेच तं! खोटं लिवलं असतं तं भांडलो असतो. खऱ्यावर कोनती केस टाकू?" त्यांनी आपल्या घराकडे हात केला. "खरंच लिवलं तुवं. झडीच्या पान्यात माहा कोठा गळला. वीसच्या वीस पोत्यायचे गोटे झाले. सांगू कोनाले? सरपंचाचंच छप्पर गळते म्हनून? त्यापरीस चोर बरा. मांगं पडले हायेत गोटे. चाल, पाहून घे."

"नाही, नाही. पाहायचं काय त्यात? माझा विश्वास आहे," सत्यवती घाईघाईने म्हणाली. तिचा मुळीच नव्हता. जरा धीर करून तिने विचारलं, "काकाजी, आमच्या बदलीचं तर काही...?"

"आता कशी करू बदली? केली तं म्हनतीन, पाहा, निर्दोषानं सूड घेतला." ते उठले. जाता जाता त्यांनी मंदाच्या गालाला बोट लावलं. "पोरगी बरी हाय ना? जपजो. लाखनीचा डाक्टर हाताशी हाय तोवर चिंता नाही."

आणि चपला घालून निघून गेले.

गुरुजी घरी आले तेव्हा तिने दारातच सांगितलं, "केशवराव येऊन धमकी देऊन गेले."

"काय म्हणाले?"

"सिमेंट भिजून गोटे झाले म्हणे, घरामागे पडलेत. वर पोरगी बरी आहे का, विचारलं. डॉक्टर हाताशी आहे तोवर म्हणाले. तोवर!"

"अगं, खरंच विचारलं असेल. सिमेंटाचे गोटे तरी पाहून यायचे होतेस. दहा पावलांवर तर आहेत."

"तुम्ही भोळे सांब," ती म्हणाली. "मला माणूस कळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गिरजाबाईने विचारलं, "काऊन वो, सरपंच कायले आले होते तुमच्या घरी?"

सत्यवतीने इकडे तिकडे पाहिलं, घागर खाली ठेवली आणि आवाज बारीक केला. "चोर तो चोर, गिरजाबाई. वरून लेकराच्या नावाने धमकावतो."