राख की मणी

"तिसरी गाठ फोडा," कागदवाल्या बाई काडीमावशीला म्हणाल्या आणि त्यांनी बोट दाखवलं.

जुन्या कापडाच्या शिवलेल्या बारा गाठी भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या शिवणीवर तांबड्या दोऱ्याची फुली होती. ही फुली म्हणजे मावशीचा शब्द. आत फक्त सुती कापड आहे, दुसरं काही निघालं तर मला येऊन विचारा, असा तिचा अर्थ. एकतीस वर्षांत कुणी येऊन विचारलं नव्हतं. जुन्या कपड्यांच्या या शेडमधून माल नेणारे फुली बघायचे आणि गाठ तशीच गाडीत चढवायचे. कागद कारखान्याच्या या बाई मात्र नव्या होत्या, आणि नव्या माणसाला तपासल्याशिवाय चैन पडत नाही. बरं, फोडायचीच होती तर बारातली कुठलीही फोडावी! पण नाही, नेमकी तिसरी.

तिसरीत काय आहे ते मावशीला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी तिनंच ते स्वतःच्या हातानं आत ठेवलं होतं.

मावशीचं नाव काडी पडलं ते कमरेला खोचलेल्या काडेपेटीमुळे. शेडमध्ये गाड्या भरभरून जुने कपडे यायचे आणि ती ते निवडायची. कापड चिमटीत धरलं की बोटांना कळायचं. बोटं अडलीच तर कडेचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे फुंकरीनं उडेल अशी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक काळा मणी धरतो. कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर काय छापलंय, त्याला मावशी हिंग लावूनही विचारत नसे. शेडमध्ये कापडाच्या दोनच जाती होत्या, राख आणि मणी. पुढे पुढे माणसांचीही तशीच वाटणी झाली. भांडून तासाभरात विसरणारी बाई राख, मनात धरून बसणारी मणी. मालक स्वतः कोण, यावर बायकांचं अजून एकमत झालेलं नव्हतं.

राख कागद कारखान्यात जायची. तिथे कापड शिजवून त्याचा लगदा करतात आणि त्यातून जाड, देखणा कागद निघतो. मण्याला कुणी वाली नव्हता. तो शेडमागे नाल्याच्या काठावर पडायचा, आणि सगळे त्या ढिगाला डोंगर म्हणायचे. मावशी कामाला लागली तेव्हा दहातले आठ कपडे राख निघायचे. आता दहातले सात मणी निघत. गेल्या वर्षी डोंगराचा एक कोपरा यंत्रानं कापला, तेव्हा पार तळातून एक लाल फ्रॉक वर आला होता. वीस वर्षांपूर्वी तो मावशीनंच तिथे फेकला होता. रंग तसाच, इलॅस्टिक तसंच. तिनं तो झटकला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. नाल्याच्या जाळीला तर रंगीबेरंगी तंतूंची दाढीच फुटली होती, आणि जाळीतून निसटलेलं पाणी कुठे जातं याची चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती.

"मावशी, कात्री द्या," बाई म्हणाल्या.

मावशीनं दिली.

तिसऱ्या गाठीत तिच्या नवऱ्याचा शर्ट होता. नवऱ्यानं चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना शर्ट दाखवले. जिभेवर साखर होती त्याच्या. "घ्या हो काका, घालणारा जाईल, पण शर्ट जायचा नाही!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक हसायचं आणि एकाच्या जागी दोन घेऊन जायचं. नोकरीला बारा वर्षं झाली तेव्हा दुकानदारानं त्याला एक पांढरा शर्ट भेट दिला. तो घालूनच तो घरी आला होता.

"शंभर टक्के सुती! हात लावून बघ."

तिनं हात लावला. बोटांना तिथल्या तिथे कळलं. समोर त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"छान आहे," ती म्हणाली.

पुढची अठ्ठावीस वर्षं तिनं तो शर्ट धुतला. पाणी त्यावर ठरायचं नाही, अर्ध्या तासात खडखडीत वाळायचा, इस्त्रीची गरजच पडायची नाही. "बघितलंस? चांगल्या सुताला सुरकुती पडत नाही," तो ऐटीत म्हणायचा, आणि ती तोंड फिरवून हसू दाबायची. साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या खोट्या पाडणाऱ्या बाईनं घरातली तेवढी एक तशीच राहू दिली. त्याच्यावर तिचं प्रेम होतं आणि त्या प्रेमाला एवढी सवलत चालत होती.

मागच्या वर्षी तो गेला. कपाट रिकामं करायला तिला वर्ष लागलं. आठ दिवसांपूर्वी त्याचे कपडे तिनं शेडमध्ये आणले आणि इतरांचे निवडावेत तसे निवडले. शेवटी हा शर्ट हातात आला. डावीकडे मण्याचा ढीग, उजवीकडे राखेचा, समोर चार बायका आणि शेजारी सून. तिनं काडी ओढली नाही. शर्टाची नीट घडी घातली आणि उजवीकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी गाठ शिवून झाली, वर फुली पडली, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

बाई एकेक कपडा चिमटीत धरून बाजूला ठेवत होत्या. चाळिसाव्याला की एक्केचाळिसाव्याला त्यांचा हात थांबला. त्यांनी लायटर काढला, धागा ओढला. धागा आक्रसला. बाईंनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. मोहरीएवढा काळा मणी.

निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून जवळ आल्या.

"असा एक शर्ट लगद्यात गेला तर पानापानातून धागे निघतात," बाई मालकाला म्हणाल्या. "फुलीवर विश्वास ठेवा असं सांगितलं होतं मला. हा विश्वास? सॉरी, आम्हाला हा माल चालणार नाही. पुढचाही नको."

मालकाचा चेहरा पडला. कारखान्यानं पाठ फिरवली तर राखही त्या डोंगरावरच जाणार, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. मालकानं रागारागानं इकडेतिकडे पाहिलं आणि सुनेवर डोळे वटारले. ती वर्षभरापासून सासूच्या हाताखाली शिकत होती.

"हा हिचाच घोळ! मावशींच्या हातून असं व्हायचंच नाही. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

सुनेनं शर्टाकडे पाहिलं. वरून दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. पांढरा सापडला नाही म्हणून तिनंच ते घाईत टाचलं होतं, आणि सासऱ्यांनी "फॅशन आहे" म्हणून मिरवलं होतं. तिनं सासूकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझंच चुकलं. आईंनी डावीकडे टाकायला सांगितला होता."

आता मात्र मावशीला राहवेना.

"गप गं, मोठी आलीस पांघरूण घालणारी," ती म्हणाली आणि पुढे झाली. "बाई, शर्ट माझ्या नवऱ्याचा आहे. मी ठेवला. मणी आहे हे माहीत असून ठेवला."

"माहीत असून?" बाई बघतच राहिल्या. "का?"

"ते जन्मभर त्याला सुती म्हणत आले. ते गेल्यावर चारचौघींत त्यांना खोटं कसं पाडायचं?" तिनं शेजारच्या गाठीवरच्या फुलीवर बोट ठेवलं. "पण ते माझ्या घरचं झालं. तुम्ही माल नेता तो माझ्या फुलीवर. आता उरलेल्या अकराही फोडा."

"अहो, संध्याकाळ होईल."

"होऊ दे की! दुसरा एक मणी निघाला तर ही काडेपेटी तुमच्या हातात देते आणि उद्यापासून घरी बसते."

मालकानं कपाळाला हात लावला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, स्वतःच चौथ्या गाठीची शिवण उसवायला घेतली.

बाई खमक्या होत्या. त्यांनी एकही गाठ सोडली नाही. एका झालरीच्या झबल्यावर तर त्या हटूनच बसल्या, "हे शंभर टक्के पॉलिएस्टर आहे." मावशीनं धागा ओढला, काडी लावली आणि राख त्यांच्यासमोर फुंकून दिली. बायका खुदकन हसल्या, मग बाईही हसल्या. सातव्या गाठीनंतर त्यांनी लायटर पर्समध्ये ठेवून दिला आणि मावशीची काडेपेटी मागून घेतली. खिडकीतून उन्हं तिरपी आली तेव्हा बारावी गाठ संपली. मणी एकच होता.

"शिवून घ्या," बाई उठत म्हणाल्या. मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "आणि मावशी, फुली घाला. बाराही गाठींवर. पुढच्या वेळी मी बघणार नाही."

"बघा," मावशी म्हणाली. "बघत जा."

बाईंची गाडी गेल्यावर मालक शर्ट उचलून मागच्या दाराकडे निघाला. तिकडून डोंगर दिसत होता.

"आणा इकडे," मावशी म्हणाली. तिला तो लाल फ्रॉक आठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कामावर आली ती अंगावर तोच पांढरा शर्ट चढवून. शेडमधली धूळ आणि तूस कपड्यांवर बसू नये म्हणून बायका वरून काहीतरी घालतच असत. बाह्या लांब होत होत्या. तो दुमडायचा तशाच तिनं त्या दोनदा दुमडल्या आणि आपल्या जागेवर बसली. सून जवळ सरकली, कडेचा सैल धागा बोटानं चाचपला आणि हळूच म्हणाली, "आई, हा कुठल्या ढिगात?"

"कुठल्याच नाही," मावशी म्हणाली आणि नव्या गाडीतला पहिला कपडा चिमटीत धरला. "हा अजून वापरात आहे."