कुंपणापलीकडचे कॉम्रेड

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या मराठी मंडळाने कॉम्रेड भास्कर गायधनींवर बहिष्कार टाकला होता, आणि तो पाळायची सगळ्यात जास्त पंचाईत मंजिरीची होती, कारण कॉम्रेड तिच्या अगदी शेजारी राहायचे. बाकीची मंडळी लांब लांब राहत. वर्षाचं एक आमंत्रण पाठवलं नाही की त्यांचा बहिष्कार पाळून झाला. मंजिरीला मात्र कचऱ्याचा बिन बाहेर काढताना, कपडे वाळत घालताना, गाडी रिव्हर्स घेताना, रोज नव्याने तो पाळावा लागे.

भांडण जुनं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळीला अध्यक्ष दीनानाथकाकांनी एका मोठ्या कंपनीच्या साहेबाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्या कंपनीत तेव्हा संप चालू होता. भास्करराव सोलापूरच्या गिरणी कामगाराचे चिरंजीव, इथे बस चालवणारे आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. ते गप्प कसे बसणार? लाल झेंडा, भोंगा आणि दोन दणकट ऑस्ट्रेलियन मित्र घेऊन ते हॉलच्या दारात उभे राहिले. साहेब गाडीतून उतरलाच नाही. दीनानाथकाका शाल आणि नारळ घेऊन बराच वेळ पार्किंगमध्ये ताटकळले आणि शेवटी त्या शालीनेच त्यांनी घाम पुसला. दुसऱ्याच दिवशी ठराव झाला : गायधनी कुटुंबाशी मंडळाचा कसलाही संबंध राहणार नाही.

मंजिरीच्या नवऱ्याला, हृषिकेशला, हा ठराव मनापासून आवडला. तो गॅस प्लांटवर इंजिनिअर होता. "उद्या हा माणूस आमच्या गेटवर भोंगा घेऊन आला तर? लांब असलेला बरा," असं तो म्हणायचा. पण कॉम्रेडांच्या आंब्याला ठराव माहीत नव्हता. त्याची फांदी बिनदिक्कत कुंपण ओलांडून यायची आणि ऐन दिवाळीत, म्हणजे इथल्या आंब्याच्या मोसमात, फळं टाकायची. हृषिकेश ती पायाने कुंपणाखालून पलीकडे ढकलायचा. तो शिफ्टला गेला की मंजिरी तीच काठीने अलीकडे ओढायची आणि रस काढायची. "वूलीज सुपरमार्केटमधले आहेत," असं सांगितलं की हृषिकेश दोन वाट्या ओरपून म्हणायचा, "बघ, विकतच्याची चवच वेगळी!"

"मम, इट्स जस्ट अ फेन्स," त्यांची मुलगी अनुष्का एकदा म्हणाली होती.

या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मंडळाच्या नेहमीच्या हॉलचा एसी बंद पडला. इथे पाऊस दिवाळीनंतर येतो; त्याआधीच्या चिकट उकाड्यात एसीशिवाय नऊवारी नेसून नाचणं म्हणजे स्वतःला उकडून घेणंच. दुसरे हॉल आधीच बुक झालेले. एकच रिकामा होता, युनियनचा. त्याचा एसी म्हणे असा चालायचा की कामगार जाकिटं घालून मीटिंगला बसत. आणि त्याची किल्ली भास्कररावांकडे होती.

कमिटीची बैठक मंजिरीच्याच घरी बसली.

"आधी माफी. लेखी," दीनानाथकाका म्हणाले.

"काका, हॉल आपल्याला हवाय. त्यांना काही नकोय," मंजिरी म्हणाली. ती मंडळाची सेक्रेटरी होती.

"मग तोंडी. पण सगळ्यांसमोर."

"एवढी वर्षं बहिष्कार टाकून ते सुधारले का?"

"सुधारले नाहीत म्हणूनच चालू ठेवायचा!" काकांनी टेबलावर मूठ आपटली. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"काका, गेल्या आठवड्यात रिहर्सलला दोन मुली चक्कर येऊन पडल्या," हृषिकेश हळूच म्हणाला. त्यातली एक अनुष्का होती.

तत्त्व थोडा वेळ पंख्याखाली बसून राहिलं, मग उठून घरी गेलं. बोलणी करायला मंजिरीने जावं असं ठरलं.

ती दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा भास्करराव युनिफॉर्मच्या अर्ध्या चड्डीत व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बहिष्कार? माझ्यावर?" ते खरोखर चकित झाले. "अगं, बहिष्कार मी टाकलाय मंडळावर! युनियनमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"पण ठराव तर आम्ही केला होता," मंजिरी म्हणाली.

"आणि तुम्ही टाकला असेल, तर तुमच्या अध्यक्षांना सांग, महाराष्ट्रात माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. आत जातील!" ते खूश होऊन हसले. मग लगेच अटी सांगितल्या. प्रमुख पाहुणा नको. स्टेजवर सोफा नको. ज्यांनी रांधलं ते आधी जेवणार. ताटं ज्याची त्याने धुवायची, सुरुवात अध्यक्षांपासून. आणि भिंतीवरचा लाल बॅनर उतरवायचा नाही.

"नो वरीज," मंजिरी म्हणाली. एसीसाठी ती अध्यक्षांना फरशीही पुसायला लावायला तयार होती.

"गिरिजा, ऐकलंस का? मंडळ शरण आलं!" भास्कररावांनी आत हाक मारली.

त्यांची बायको जाळीच्या दारात आली. मंजिरीने तिला इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. केस बरेच पांढरे झाले होते.

"कोण शरण आलं अन् कोण जिंकलं, ते तुम्ही बघा," गिरिजाताई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं होतं? भोंगा यांचा, ठराव तुमचा. बोलणं मात्र माझ्याशी बंद झालं. हळदीकुंकू नाही, डोहाळजेवण नाही. यांना युनियन आहे, पब आहे. मला कोण होतं?"

"गिरिजाताई, मी—"

"दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तिकिटं मिळाली नाहीत, जाता आलं नाही. या पायरीवर बसून रडत होते. तू तिकडे कपडे वाळत घालत होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि टोपली उचलून आत गेलीस."

भास्कररावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मंजिरीला ती दुपार आठवली. तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं की नवरा-बायकोचं काहीतरी भांडण असेल, आपण कशाला मध्ये पडा. गिरिजाताई आत निघून गेल्या. जाळीचं दार त्यांच्यामागे आपटलं.

दिवाळी झोकात झाली. लाल बॅनरखाली पणत्या लागल्या, मुली न पडता नाचल्या. जेवणं झाल्यावर दीनानाथकाका बाह्या सरसावून सिंकपाशी गेले. बाजूला भास्करराव उभे. ताट आधी विसळायचं की आधी घासायचं यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं. मग बसच्या वेळापत्रकावर एकमत झालं. मग दोघांनी मिळून सरकारला शिव्या घातल्या. तासाभरात काका कॉम्रेडच्या पाठीवर ओला हात ठेवून हसत होते. हृषिकेशने दोघांबरोबर सेल्फी काढला. "माणूस बरा आहे गं," तो मंजिरीला म्हणाला. "आपण उगीच ताणलं." टाळ्यांच्या गजरात संबंध पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं.

गिरिजाताई आल्या नव्हत्या. "तिला जरा बरं नाही," भास्करराव म्हणाले आणि नजर चुकवून पुढच्या ताटाला लागले. मंजिरीला त्या हसणाऱ्या पुरुषांचा असा राग आला की तिने त्यांच्यासाठी राखलेल्या करंज्या ड्रायव्हिंग करत एकटीने संपवल्या.

सकाळी ती शेजारी जायला निघाली.

"फराळाचं ताट तरी ने," हृषिकेश म्हणाला.

"नको. मग फराळाबद्दलच बोलणं होतं."

गिरिजाताईंनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "काय?"

"तुमच्या आईबद्दल विचारायला आले. तेव्हाच यायला हवं होतं."

"मग आली का नाहीस?"

"भ्याले," मंजिरी म्हणाली. "मंडळाला नाही. काय बोलावं ते कळेना, आणि ठराव होताच. सोयीचा पडला."

बाहेर इतकं उकडत होतं की मंजिरीच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

"नाव काय होतं त्यांचं?" तिने विचारलं.

"अंबुबाई." गिरिजाताईंनी सांगितलं. "मी चहाबिहा करणार नाही."

"नको."

"मग आत ये. दार उघडं ठेवून माझा एसी बाहेर घालवू नको. बिल तुमचं मंडळ भरणारे का?"

मंजिरी आत जाऊन सोफ्याच्या कडेवर बसली. गिरिजाताई समोर बसल्या, पदराने हात पुसत राहिल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "फार खाष्ट होती गं माझी आई." त्यानंतर त्यांनी अंबुबाईंबद्दलचं एकेक गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. जावयाला तोंडावर 'लाल माकड' म्हणायची, सुनेच्या भाकरीला नावं ठेवून दोन जास्तीच खायची, दवाखान्यात डॉक्टरलाच पथ्य सांगायची. सांगता सांगता त्या रडल्या, मग हसल्या. मंजिरीने घरी फोन करून कळवलं की जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.